आधी कालवं ने

समुद्रावर पोचल्यावर माई पहिल्यांदा झडती घ्यायच्या. टेम्पोतून ताडपत्री, बांबू आणि भांडी उतरायच्या आधी सगळ्यांच्या पिशव्या वाळूत उलट्या व्हायच्या. तांदूळ, मीठ, तिखट, हळद, कोकम, नारळ आणि तेलाची बाटली एवढंच घरून आणायची परवानगी होती. त्याखेरीज खायचं काही निघालं तर ते जप्त व्हायचं.

माझ्या लग्नाला चार महिने झाले होते तेव्हाची गोष्ट. मी टॉवेलाच्या घडीत बिस्किटांचा एक पुडा लपवून आणला होता. माईंनी टॉवेल झटकला, पुडा वाळूत पडला. त्या ओरडल्या नाहीत. सुरूच्या बनाकडून एक पिवळं कुत्रं येत होतं, त्याला त्यांनी यूऽ यू करून बोलावलं, पुडा फोडला आणि उकिडवं बसून एकेक बिस्कीट त्याला भरवलं. घाई अजिबात नाही. मधे मधे माझ्याकडे बघत होत्या.

"समुद्र समोर हाय, आन् ही घाटीन पुडे फोडनार," त्या म्हणाल्या.

"पण माई, भूक लागली तर?"

"मंग धर कायतरी."

शेवटचं बिस्कीट संपल्यावर त्यांनी रिकामा कागद घडी घालून माझ्या हातात दिला. कचरा वाळूत टाकलेला त्यांना खपायचा नाही.

या माझ्या सासूबाई. मी सातारा जिल्ह्यातल्या दुष्काळी भागातली. आमच्याकडे विहिरीला पाणी लागलं की पेढे वाटतात. लग्न होऊन पनवेलला येईपर्यंत मी समुद्र फक्त टीव्हीवर पाहिला होता. माईंचं माहेर रेवदंड्याच्या आतल्या बाजूचं, भातशेतीवालं. शेत खाडीला लागून असल्यामुळे भात कापून झालं की घरातल्या सगळ्या बायका ओहोटीला चिखलात उतरायच्या. माईही चालायला लागल्यापासून उतरल्या. पुढे लग्न झालं, पनवेलच्या बाजूला आल्या. सासरे कारखान्यात होते, ते लवकर गेले. माईंनी एकटीनं दोन्ही मुलं वाढवली. मुलगी लग्न करून वापीला गेली आणि मुलगा, म्हणजे माझा नवरा प्रकाश, कंपनीच्या बसवर ड्रायव्हर झाला. तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर झालं. त्या घरातून समुद्र दिसत नव्हता, पण माईंना भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून समुद्र कळायचा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास त्या जरा गप्प व्हायच्या. "आज खडपं उघडी पडली असतील," असं कांदा चिरता चिरता म्हणायच्या.

दर डिसेंबरात आम्ही तीन दिवस समुद्रावर राहायला जायचो. प्रकाश मित्राचा टेम्पो मागून आणायचा. आगरदांड्याला फेरीबोटीत टेम्पो चढवायचा, दिघीला उतरायचं आणि तिथून श्रीवर्धनच्या दिशेनं थोडं गेल्यावर एक लहानसा किनारा लागायचा. एका टोकाला खडपं, म्हणजे ओहोटीला उघडे पडणारे काळे खडक, दुसऱ्या टोकाला खाडीचं तोंड, मधे वाळू आणि मागे सुरूचं बन. माई त्या किनाऱ्याचं नाव कुणाला सांगू द्यायच्या नाहीत, म्हणून मीही सांगत नाही. प्रकाशनं एकदा लॉजचं नाव काढलं होतं. माई म्हणाल्या, "लाजवाल्याला पैसं द्यायचं आन् त्याच्या खिडकीतनं आपलाच समुद्र बगायचा? तू जा. मी न्हाय."

दिसायला माई किरकोळ होत्या. काटकुळे हात, पायांच्या काळ्याभोर नडग्या, कासोटा मारलेलं जुनं नऊवारी आणि पायात प्रकाशचे फाटके कॅनव्हासचे बूट. उजव्या हाताची करंगळी मधूनच वाकडी होती. कधीतरी चिंबोरीनं, म्हणजे खेकड्यानं, धरलेली. पण ओहोटी लागली की हीच बाई कमरेत वाकून तीन-तीन तास खडपांवर काम करायची. हातातल्या टोकदार सळईनं एक ठोका दिला की खडकाला चिकटलेल्या कालवाचं कवच उघडायचं, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं आतला मऊ गोळा अलगद बालदीत पडायचा. ठोका, अंगठा, टप. ठोका, अंगठा, टप. मी बघत राहायची.

नियम एकच होता. ज्यानं जे धरलं त्यानं ते खायचं. भात सगळ्यांना, बाकी ज्याच्या त्याच्या हातावर.

पहिल्या दिवशी मी काहीच धरलं नाही. दुपारभर वाळूत तिसऱ्या, म्हणजे जिवंत शिंपल्या, शोधल्या आणि मला रिकामे शिंपले मिळाले. जेवायला बसलो तेव्हा माझ्या ताटात भात आणि मीठ. माई समोर बसून चिंबोरीच्या नांग्या दाताखाली फोडत होत्या, आतला मगज चोखत होत्या. तो आवाज मला अजून ऐकू येतो. प्रकाशनं माईंची नजर चुकवून एक तुकडा माझ्या भाताखाली सरकवला. माईंनी हात लांब केला, भात बाजूला सारला, तो तुकडा उचलला.

"धरला कोनी?" त्यांनी विचारलं.

"आई, असू दे ना," प्रकाश म्हणाला.

"तू धरलास?"

"नाही, तू."

"मंग?" असं म्हणून त्यांनी तो तुकडा माझ्याकडे बघत खाल्ला. प्रकाशनं मान खाली घातली. माझ्या नवऱ्याला मी तेव्हा पहिल्यांदा नीट ओळखलं. पुढच्या बारा वर्षांत त्यात फार बदल झाला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला खडपातल्या चिंबोरीच्या एका भोकात हात घालायला लावला. "घाल गो. घाबरलीस तर हाताला वास येतो भीतीचा, ती आत जाते." मी घातला. चिंबोरीनं माझी दोन बोटं धरली. मी किंचाळले, हात बाहेर ओढला, ती लटकतच बाहेर आली. मी हात झटकतेय, रडतेय, आणि माई दोन हातांच्या अंतरावर उभ्या राहून माझं निरीक्षण करताहेत. रक्त मनगटापर्यंत आलं तेव्हा शांतपणे म्हणाल्या, "आता पान्यात बुडव."

मी हात पाण्यात घातला. चिंबोरीनं आपणहून सोडलं.

"हे आधी का नाही सांगितलंत?" मी रडत ओरडले.

"आधी सांगितलं असतं तर इसरली असतीस."

मी विसरले नाही, हे खरं. त्या तीन दिवसांत आणि पुढच्या वर्षांत माईंनी मला जे जे शिकवलं त्यातलं काहीच विसरले नाही. अनवाणी टाचेनं वाळू दाबत चाललं की जिथं तिसरी असते तिथं टाचेखाली बारीक कडकपणा लागतो. चिंबोरीला मागून, पाठीवरून धरायचं. खडपावर हिरवं दिसतं तिथं पाय द्यायचा नाही, करड्यावर द्यायचा. ओहोटी संपून पाणी फिरलं की पहिला तासभर ते गरिबासारखं येतं आणि मग धावतं. हे सगळं त्यांनी शिव्या देऊन शिकवलं. माझ्या आईनं मला भाकरी थापायला शिकवली तेव्हा माझा हात हातात घेतला होता. माईंनी माझा हात कधीच हातात घेतला नाही. पण आईनं शिकवलेली भाकरी माझी अजूनही एका बाजूनं जाड होते, आणि कालवं मी डोळे मिटून काढू शकते.

चौथ्या वर्षी माझ्या बालदीत माईंच्या बरोबरीनं कालवं होती. त्यांनी दोन्ही बालद्यांत डोकावून पाहिलं. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. माझ्या बालदीत कवचाचा एक बारीक तुकडा होता, तो त्यांनी चिमटीत धरून मला दाखवला आणि टाकून दिला. बस. तरीही मी दिवसभर खूश होते. त्यांच्याकडून कौतुक मिळावं म्हणून माणूस काय वाटेल ते करायला तयार व्हायचं, हीच त्यांची खरी ताकद होती.

हे मला नीट कळलं ते मनूच्या वेळी. मनू माझी मुलगी. पाच वर्षांची झाल्यावर तिला पहिल्यांदा समुद्रावर नेलं. मी प्रकाशला आधीच बजावलं होतं, लेकरावर हा नियम चालणार नाही. प्रकाश म्हणाला, "आई नातीला उपाशी ठेवणार आहे का?"

ठेवलं. मनूनं सकाळभर वाळूत खड्डे केले आणि तिला काही मिळालं नाही. तिच्या ताटात भात आणि मीठ आलं. मी माझ्या ताटातल्या तिसऱ्या तिच्या ताटात घातल्या. माईंनी तिचं ताट उचलून माझ्या ताटात पालथं केलं आणि रिकामं ताट तिच्यापुढे ठेवलं.

"आता भात पन न्हाय," त्या म्हणाल्या. "आयनं लबाडी केली."

मनू रडायला लागली. मी उठले, तिला कडेवर घेतलं आणि उन्हात दोन किलोमीटर चालत गावात गेले. दुकानातून पाव घेतले, गूळ घेतला. परत येईपर्यंत मनू रडून रडून माझ्या खांद्यावर झोपली होती. ताडपत्रीखाली आल्यावर मी तिला उठवलं, पाव तिच्या हातात दिला. माई समोर जाळं नीट करत बसल्या होत्या. त्यांनी वर बघितलं आणि परत मान खाली घातली.

मनूनं पावाकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं. मग ती उठली, तुरुतुरु चालत गेली आणि तो पाव तिनं बनातून आलेल्या एका कुत्र्यापुढे टाकला. परत येऊन आजीच्या शेजारी बसली.

"मी उद्या धरीन," ती आजीला म्हणाली.

"धर," माई म्हणाल्या. त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. माझ्याकडे बघत.

पोरगी त्या दिवशी उपाशी झोपली आणि दुसऱ्या दिवशी तिनं सात तिसऱ्या धरल्या. सातही आजीनं तिला स्वतः शिजवून दिल्या. मनूच्या तोंडावर जो आनंद होता तसा तिच्या कुठल्याच वाढदिवसाला मी पाहिला नाही. मला तेव्हा माईंचा जो राग आला तो नंतर कधी उतरला नाही. तो आत जाऊन बसला. मी वर्षानुवर्षं त्यांच्या पुढ्यात चहाचा कप ठेवला, त्यांचे केस विंचरले, वापीहून नणंद आली की हसून बोलले, आणि तो राग तिथंच होता.

मनू आठ वर्षांची होती त्या डिसेंबरात जे झालं, ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

अमावास्येनंतरचा दुसरा दिवस होता. सकाळची ओहोटी साडेसातची. प्रकाश आणि मनू पिण्याचं पाणी आणायला कॅन घेऊन टेम्पोनं गावातल्या विहिरीवर गेले होते. मी आणि माई खडपांच्या अगदी शेवटच्या टोकाला, जिथं वर्षातून मोजक्याच दिवशी पाय ठेवता येतो, तिथं कालवं काढत होतो. पाणी फिरून बराच वेळ झाला होता. मी म्हणाले, "माई, चला आता." त्या म्हणाल्या, "एवढा दगड." आणि त्या दगडाकडे वळताना त्यांचा पाय हिरव्यावर पडला.

मला आवाज आला. कालवाचं कवच फुटतं तसा, पण त्याहून जाड. माई दोन खडपांच्या मधे बसल्या होत्या, कमरेपर्यंत पाण्यात. उजवा पाय खालच्या फटीत अडकला होता आणि मांडी भलत्याच दिशेला वळली होती. चेहरा राखेसारखा झाला होता. पण त्यांनी डावा हात उंच धरला होता आणि त्या हातात बालदी होती. सांडली नव्हती.

मी त्यांच्या काखेत हात घालायला वाकले.

"मला सोड," त्या दातावर दात दाबून म्हणाल्या. "आधी कालवं ने. पान्यात गेली तर सगली मेहनत फुकट."

"माई, तुमचा पाय—"

"तुला सांगितलं ना घाटीन! आधी कालवं ने."

माई वजनाला हलक्या होत्या. मी डोक्यावर पाण्याचे हंडे घेऊन वाढलेली मुलगी. मी त्यांना एकटी उचलू शकले असते. बालदी फेकून दिली असती तर त्यांनी मला आयुष्यभर शिव्या घातल्या असत्या, एवढंच झालं असतं.

मी बालदी घेतली. माझी एक, त्यांची एक. आणि मी किनाऱ्याकडे चालायला लागले. करड्या दगडांवर पाय देत, नीट जपून, त्यांनी शिकवल्याप्रमाणे. घाई केली नाही. वाळूत आल्यावर दोन्ही बालद्या ताडपत्रीखाली सावलीत ठेवल्या. वर ओलं फडकं झाकलं. पायाला कवच लागून थोडं कापलं होतं, ते धुतलं. किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला, खाडीच्या तोंडाशी, दोन माणसं होडी रंगवत होती. हाक मारली असती तर ती पाच मिनिटांत आली असती. मी हाक मारली नाही. मी बसले आणि प्रकाशच्या टेम्पोची वाट पाहिली.

माईंनीही हाक मारली नाही. मला तिथून त्यांचं डोकं आणि खांदे दिसत होते. एक लाट आली की डोकं हलायचं, म्हणजे सगळं शरीर त्या अडकलेल्या पायावर हलत असणार. त्या माझ्याकडे बघत होत्या. ओरडायला किनारा फार लांब नव्हता. पण त्या ओरडल्या नाहीत आणि मी उठले नाही. असं पंचवीस मिनिटं चाललं.

टेम्पोचा आवाज आल्यावर मी धावले. खरोखर धावले, ओरडत, चपला टाकून. प्रकाश माझ्या मागून धावत आला. आम्ही पोचलो तेव्हा पाणी माईंच्या काखेपर्यंत आलं होतं आणि त्यांचे ओठ निळे पडले होते. प्रकाशनं पाण्याखाली हात घालून पाय फटीतून ओढला. सहज निघाला. त्यानं आईला पाठीवर घेतलं आणि तो लहान मुलासारखा रडत निघाला. माईंनी त्याच्या खांद्यावरून मला विचारलं, "सावलीत ठेवलीस का?"

"हो," मी म्हणाले.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी फोटो काढला. खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टर प्रकाशला म्हणाले, "नुसतं पडल्यानं इतकं होत नाही. मोडल्यावर पाय बराच वेळ हलत राहिलाय. तुकडे सरकलेत. ऑपरेशन करू, पण चालण्याचं सांगता येत नाही."

प्रकाश माझ्याकडे वळला. "किती वेळ होती गं ती पाण्यात?"

मी तोंड उघडायच्या आत पलंगावरून माईंचा आवाज आला. "कसला वेल? पडले आन् लगेच आली ती. धावतच आली."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या छताकडे बघत होत्या. मला वाटलं, त्यांनी मला वाचवलं. बाहेर बाकड्यावर येऊन बसल्यावर मला कळलं, की आता ही गोष्ट फक्त आम्हा दोघींची आहे आणि ती कुणाला देऊन टाकायची वाट त्यांनी बंद केली.

त्यानंतर माई दोन वर्षं जगल्या. तिसरा मजला, इमारतीला लिफ्ट नाही. पलंग, पलंगापासून संडासापर्यंत वॉकर, परत पलंग. मी त्यांचं सगळं केलं. अंघोळ घातली, पाठ पुसली, सतत पडून राहूनही अंगाला एकही जखम होऊ दिली नाही. इमारतीतल्या बायका मला आपल्या सुनांपुढे उदाहरण म्हणून दाखवायच्या. नणंद वापीहून आली की माझे हात हातात घेऊन रडायची. "वहिनी, मी पोटची असून मला जमलं नसतं."

माझी सेवा कशी होती ते माईंना ठाऊक होतं. मी त्यांना मऊ खिचडी द्यायची, दूधभात द्यायची. मासे बंद. "डॉक्टरांनी नको सांगितलंय," मी म्हणायची. डॉक्टरांनी असं काही सांगितलं नव्हतं. त्या स्वतःच्या हातानं जेवू शकत होत्या, तरी मी भरवायची. "तुम्ही कशाला त्रास घेता, माई?" असं म्हणून घास पुढे करायची. लसूण सोलायला मागितला तर म्हणायची, "तुम्ही आता आराम करायचा." त्यांच्या पलंगासमोर कॅलेंडर टांगलेलं असायचं. भिंतीला रंग द्यायच्या निमित्तानं मी ते काढलं आणि स्वयंपाकघरात दाराच्या मागे लावलं. रंग वाळल्यावर परत आणलं नाही.

मग माई विचारायच्या. "आज काय हाय गो? भांग का उधान?" म्हणजे चंद्राच्या तिथीप्रमाणे आज पाणी जेमतेम हलणार की लांबवर मागे जाऊन खडपं उघडी टाकणार.

"मला नाही बाई त्यातलं कळत," मी म्हणायची.

त्या दर चार-आठ दिवसांनी विचारायच्या. मी दर वेळी हेच म्हणायची. मनूला त्यांनी विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, पण मनूला त्यांनी कधीच विचारलं नाही. प्रकाशलाही नाही. विचारायच्या त्या मलाच.

दुसरा हिवाळा आला तोवर माई अगदीच आटल्या होत्या. कूस बदलली तरी धाप लागायची. एके दिवशी दुपारी मनू शाळेत, प्रकाश ड्युटीवर. मी त्यांचे पाय तेल लावून चोळत होते. त्यांनी विचारलं, "आज काय हाय?"

"मला काय कळतंय, माई."

त्या हसल्या. मी बारा वर्षांत त्यांना मोजक्याच वेळा हसताना पाहिलं होतं. हळूहळू, धाप सांभाळत त्या बोलल्या.

"तुला कलतंय. त्या दिशी पन कलत होतं. पानी किती वेलात कमरेपासनं काखेत येतं, ते कुनी शिकवलं तुला? मीच ना?"

माझे हात त्यांच्या पायावरच थांबले.

"मी मोजत होते," त्या म्हणाल्या. "बगत होते, ही आता उठंल, मंग उठंल. न्हाय उठलीस. बरोबर मोजलंस. आजून पाव तास गेला असता तर मेले असते." मग म्हणाल्या, "चांगली शिकलीस."

आवाजात राग नव्हता. टोमणाही नव्हता. माझ्या बालदीत डोकावून बघायच्या त्या वर्षांत जे ऐकण्यासाठी मी मरत होते, तेच त्या बोलत होत्या. मला रडू यावं असं वाटलं आणि आलं नाही.

"अमावास्या आहे," मी म्हणाले. "उधाण. संध्याकाळी साडेपाचपर्यंत पाणी पार खाली जाईल."

"हां," त्या म्हणाल्या आणि त्यांनी डोळे मिटले.

मी तेलाचे हात पुसले, पिशवी घेतली आणि बाजारात गेले. कोपऱ्यावर बसणाऱ्या बाईकडे कालवं होती. घरी येऊन कांदा, कोकम आणि थोडं वाटण लावून केली, जशी माई करायच्या तशी. बशीत घेऊन त्यांच्यापुढे बसले. चमचा त्यांच्याच हातात दिला. त्यांनी एक कालव तोंडात घातलं. चघळलं. मग ते परत बशीत थुंकलं.

"शिली हायत," त्या म्हणाल्या. "कालची. दुसऱ्या कुनी काढलेली."

त्यांनी बशी माझ्याकडे सरकवली. मी ती मोरीत रिकामी केली.

त्यानंतर माईंनी अन्न घेतलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी प्रकाश त्यांना चहा द्यायला गेला तेव्हा त्या गेलेल्या होत्या.

दिवसकार्याला बरीच माणसं आली. माईंच्या माहेरची आली, प्रकाशच्या कंपनीतली आली. येईल त्याला प्रकाश खुब्याचं हाड, ऑपरेशन, दोन वर्षांचं अंथरूण असं सगळं सांगायचा आणि शेवटी माझ्याकडे बोट दाखवायचा. "त्या दिवशी ही होती म्हणून आई वाचली. हीच धावत गेली पाण्यात." माणसं माझ्याकडे वळून बघायची. एका म्हातारीनं तर माझ्या पायाला हात लावला. याला आता तीन वर्षं झाली. कुठे लग्नाला, कुठे बारशाला गेलो आणि माईंचा विषय निघाला की प्रकाश अजून तेच सांगतो. मी शेजारी बसलेली असते. मनूही असते. मी पदर सारखा करते आणि ऐकत राहते.